देवगिरीचें नगर व किल्ला : एक पाठचिकित्सा

देवगिरि ऊर्फ दौलताबाद या स्थळासंबंधानें मराठींत लिहिणारांची वाण कधीं पडलेली नाहीं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, सहलींचीं वर्णनें, विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलीं छोटीं पुस्तकें, यांतून हें स्थळ वर्षानुवर्षें येत आहे. अशा लेखनाचा जेवढा संग्रह आमच्या हातीं आला तेवढा आम्हीं क्रमानें लावून वाचला, आणि नंतर स्थळावर तीन दिवस राहून तो ताडून पाहिला. या लेखनांत उत्साहाची उणीव नाहीं. माहितीचीहि फारशी नाहीं. उणीव आहे ती वाचण्याच्या पद्धतीची. बहुतेक सर्व लेखक एकाच वाटेनें जातात : महाद्वार, तोफा, मिनार, खंदक, अंधारी, बारादरी, आणि परत. ज्या नगराच्या रक्षणासाठीं हा सर्व खटाटोप झाला तें नगर त्यांच्या लेखांत एका वाक्यानेंहि येत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देवगिरीस नगर आधीं वाचावें आणि किल्ला मागून. हा क्रम उलटा झाल्यामुळें किल्ल्याचेंहि वाचन चुकतें, आणि नगराचा पुरावा सर्वांच्या डोळ्यांदेखत झिजत जातो.

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट एका परिचित उदाहरणानें कळेल. एखादी पोथी बाजारांतून आपल्या हातीं येते. तिचीं पहिलीं पानें एका हातचीं, मधलीं दुसऱ्या हातचीं. समासांत तिसऱ्यानें टीपा घातलेल्या. कांहीं ओळींवर हरताळ लावलेला. आणि शेवटीं कोणा मालकानें आपलें नांव ठळक शाईनें लिहिलेलें. अशा पोथींतील मालकाचें नांव पाहून जो सबंध पोथीचा काल ठरवितो त्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. देवगिरीच्या बाबतींत मात्र हेंच रोज घडतें, व तें निःशंकपणें छापलें जातें.

प्रथम स्थळाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) या शहराच्या वायव्येस सुमारें १५ किलोमीटरांवर सपाट प्रदेशांतून हा शंकूच्या आकाराचा डोंगर एकदम वर आलेला आहे. उंची सुमारें ६०० फूट; खालचा भाग सभोंवार सुमारें दीडशे फुटांपर्यंत तासून त्याचा उभा कडा केलेला; आणि कड्याच्या पायाशीं खडकांत खोदलेला खंदक. डोंगराच्या पूर्वेकडे एकांत एक असे तीन कोट आहेत : सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आंत महाकोट, आणि डोंगरालगत काळाकोट. वेरूळकडे जाणारा रस्ता बाहेरच्या कोटाच्या आंतून जातो. त्यामुळें प्रवासी नगरांत शिरतो तरी आपण नगरांत आहों हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. तो महाकोटाच्या दाराशीं उतरतो आणि तेथून किल्ला सुरू झाला असें समजतो. वस्तुतः महाकोट हें तटबंदीचें नगर आहे. मशीद, हौद, हमाम, मिनार हीं नगराचीं अंगें होत. खरा बालेकिल्ला खंदकाच्या पलीकडे सुरू होतो. ही एक सीमारेषा मनांत नीट बसली म्हणजे पुढील पुष्कळसे घोटाळे आपोआप टळतात.

१. तीन नांवें

ही सीमारेषा आम्हीं कल्पनेनें काढलेली नाहीं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३४२ मध्यें येथें आला होता. त्याच्या वृत्तांतांत या स्थळाचे तीन भाग स्पष्टपणें वेगळे सांगितले आहेत. पहिला दौलताबाद, म्हणजे सुलतान व त्याची फौज यांची वस्ती, दुसरा ‘कतका’, आणि तिसरा बालेकिल्ला, ज्यास तो ‘दुवैगीर’ म्हणतो. बालेकिल्ल्यासंबंधानें तो लिहितो कीं, मैदानांतील खडक कोरून त्याच्या माथ्यावर किल्ला बांधला आहे आणि वर जाण्यास कातड्याची शिडी असून ती रात्रीं वर ओढून घेतात. तिसऱ्या नांवांत ‘देवगिरि’ हें उघड आहे. दुसरें नांव मात्र आमच्या लेखकांनीं बहुधा ओलांडूनच टाकलें आहे, आणि महत्त्वाचें तेंच आहे.

‘कटक’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ येथें लागू पडतात. एक, डोंगराचा उतार किंवा मध्यभाग. हा अर्थ अमरकोशांत दिलेला आहे. दुसरा, सैन्याचा तळ, आणि त्यावरून राजाची राजधानी. महानुभाव वाङ्मयांत देवगिरीस ‘कटक’ म्हटलेलें आढळतें, हें त्या ग्रंथांच्या संग्राहकांस सांगावयास नकोच. आतां काल पाहा. यादवांचा शेवटचा पुरुष हरपाळदेव १३१८ च्या सुमारास मारला गेला. महंमद तुघलकानें १३२७ मध्यें राजधानी येथें आणून स्थळास दौलताबाद हें नांव रूढ केलें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं एक परदेशी मनुष्य येतो, त्यास संस्कृत येत नाहीं, मराठी येत नाहीं, महानुभाव हें नांवहि त्याच्या कानावरून गेलेलें असण्याचें कारण नाहीं. आणि तरीहि तो नगराच्या एका भागाचें नांव ‘कटक’ म्हणून सांगतो. याचा अर्थ एवढाच होऊं शकतो कीं, तें नांव तेथील लोकांच्या तोंडीं जिवंत होतें. जुनें नगर पुसलें गेलेलें नव्हतें. नव्या नगराच्या शेजारीं तें आपल्या जुन्या नांवानें नांदत होतें.

कोणी म्हणेल कीं, इब्न बतूतानें आपला वृत्तांत मायदेशीं परतल्यावर, इब्न जुझय नांवाच्या लेखकास सांगून लिहविला आणि तो १३५५ मध्यें पुरा झाला. तेव्हां तेरा वर्षांपूर्वींच्या आठवणीवर विश्वास कितपत ठेवावा? आक्षेप योग्य आहे, आणि त्यास उत्तरहि आहे. आठवणीनें सांगणाराच्या संख्या फुगतात आणि कथांना रंग चढतो. परंतु अर्थ ठाऊक नसलेलें परभाषेंतील स्थलनाम कोणी रचून सांगत नाहीं. म्हणून याच ग्रंथांत बालेकिल्ल्याच्या तुरुंगांतील मांजराहून मोठ्या उंदरांची जी हकीकत आहे ती आम्ही ऐकीव म्हणून बाजूस ठेवतों, आणि ‘कतका’ हें नांव पुरावा म्हणून घेतों. एकाच साक्षीदाराचें एक वाक्य घ्यावें व दुसरें सोडावें यांत अन्याय नाहीं. प्रत्येक वाक्याची तपासणी निराळी असते.

२. निरनिराळे हात

आतां दगडांकडे वळूं. स्थळावर निदान सात हात ओळखूं येतात, आणि ते एकमेकांवर चढलेले आहेत.

‘हा सर्व किल्ला यादवांचा’ हें विधान आमच्या संग्रहांतील निम्म्याहून अधिक लेखांत आहे. तटाच्या बुरुजांवर तोफा ठेवण्याचे चौथरे आणि भिंतींत तोफांचीं तोंडें बाहेर काढण्याच्या जागा आहेत. तोफेसाठीं बांधलेला बुरूज यादवांचा असूं शकत नाहीं, कारण यादवांच्या काळीं दक्षिणेंत तोफा नव्हत्या. असे भाग बहमनी काळाचे किंवा त्यानंतरचे मानावे लागतात. तासलेल्या कड्यासंबंधानें इब्न बतूताच्या साक्षीवरून एवढें खात्रीनें म्हणतां येतें कीं, १३४२ पूर्वीं खडक कोरलेला होता. त्यापुढें जाऊन अमुक राजानें अमुक वर्षीं कोरला असें सांगावयाचें तर स्वतंत्र पुरावा आणला पाहिजे. उत्तरमर्यादा सांपडली म्हणजे काल सांपडला असें होत नाहीं, हें पोथीवरील मालकाच्या तारखेवरून आपण शिकलेलों आहों.

‘हेमाडपंती’ या शब्दानें तर फारच गोंधळ माजविला आहे. काळा दगड, चुन्यावांचून बसविलेला, दिसला कीं तो हेमाद्रीच्या खात्यावर घालावयाचा. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा काल तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु ज्यास सर्व जण हेमाडपंती म्हणतात त्या अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोन शतकें आधींचें देऊळ हेमाद्रीनें बांधलें असें कोणी म्हणणार नाहीं. म्हणून हा शब्द पद्धतीचें नांव म्हणून वापरावा, कालाचें प्रमाण म्हणून वापरूं नये.

महाकोटांतील मोठी मशीद कुतुबुद्दीन मुबारक खलजीनें १३१८ मध्यें बांधविली. तिच्यांतील शंभराहून अधिक खांब मंदिरांचे आहेत, हें खांबांवरील कोरीव कामावरून उघड दिसतें. हैदराबाद संस्थान १९४८ मध्यें भारतांत आल्यानंतर तेथें भारतमातेची मूर्ति स्थापन झाली. या एका वास्तूंत तीन हात आहेत, आणि प्रत्येकाची साक्ष निराळ्या जातीची आहे. खांब हे यादवकालीन शिल्पाचा उत्तम पुरावा होत. परंतु ते मूळ जागीं उभे नाहींत. दुसऱ्या पोथीचीं पानें काढून नव्या पोथींत शिवावीं तसे ते येथें आले आहेत. त्यांवरून देवगिरींत देवळें होतीं व तीं मोडलीं गेलीं एवढें सिद्ध होतें. मशिदीचा आराखडा तोच देवळाचा आराखडा, असें जें कित्येकांनीं लिहिलें आहे, तें त्यावरून सिद्ध होत नाहीं. या स्थळाविषयीं वाचकाची भावना कोणतीहि असो. भावनेच्या पोटीं पुरावा वाढवूं नये आणि भीतीपोटीं तो कमीहि करूं नये.

चांद मिनाराची गोष्ट याहून मौजेची आहे. मिनाराच्या पायथ्याशीं असलेल्या लहान मशिदींतील फारसी लेखांत हिजरी ८४९, म्हणजे इ. स. १४४५ हा काल आहे. तो बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदाच्या कारकीर्दींतला. आमच्या लेखकांच्या पुढें मात्र तीन अलाउद्दीन उभे आहेत : १२९६ मध्यें देवगिरीवर चालून आलेला अलाउद्दीन खलजी, १३४७ मध्यें दौलताबादेस तख्तावर बसलेला अलाउद्दीन हसन बहमनशाह, आणि १४४५ चा हा तिसरा. ‘अलाउद्दीनानें किल्ला जिंकल्याचें स्मारक म्हणून मिनार बांधला’ हें वाक्य या तिघांच्या मिश्रणांतून जन्मास आलें आहे. १४४५ पूर्वीं शंभर वर्षें किल्ला बहमनींकडेच होता; त्यांनीं तो कोणाकडून जिंकावयाचा? नामसाम्यानें भुलण्याचा हा प्रकार संस्कृतज्ञांसहि नवा नाहीं. मेघदूतांत देवगिरीचें नांव आहे. परंतु मेघ तेथें उज्जयिनी सोडून उत्तरेकडे जातांना पोंचतो. तो देवगिरि माळव्यांतला, हा नव्हे.

‘अंबरकोट’ या नांवावरून सबंध बाह्य तट मलिक अंबरानें बांधला असें समजण्याचीहि चाल आहे. मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. त्याच्या काळीं निजामशाहीचा कारभार कांहीं वर्षें येथून चालला, हें खरें. परंतु एखाद्या तटास कोणाचें नांव चिकटतें यावरून त्यानें तो मुळापासून बांधला, वाढविला, कीं नुसता दुरुस्त केला, हें ठरत नाहीं. पुढें १६३३ मध्यें महाबतखानानें वेढा घालून स्थळ मोंगलांकडे आणलें. बारादरी व औरंगजेबाच्या नांवाची मेंढा तोफ हीं त्या हाताचीं कामें. गोवळकोंड्याचा शेवटचा राजा अबुल हसन यास १६८७ नंतर चिनी महालांत कैदेंत ठेवलें होतें. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्यें स्थळ अल्पकाळ मराठ्यांकडे आलें. असे हे हात मोजीत गेलें म्हणजे ‘यादवांचा किल्ला’ या दोन शब्दांत किती गोष्टी दडपल्या जातात तें दिसतें.

३. दोन कथा

देवगिरीवरील लेखांत दोन कथा हमखास येतात. पहिली मिठाच्या पोत्यांची. अलाउद्दीन खलजीनें १२९६ मध्यें वेढा घातला असतां धान्य म्हणून किल्ल्यांत नेलेलीं पोतीं मिठाचीं निघालीं आणि रामदेवरायास शरण जावें लागलें, अशी ती कथा. ही हकीकत फिरिश्त्यामुळें सर्वत्र प्रसिद्ध झाली, आणि फिरिश्ता घटनेनंतर तीनशें वर्षांनीं लिहीत होता. कथा खरी कीं खोटी हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. या कथेमुळें वाचकाची नजर पोत्यांवर खिळते व मुख्य घटना नजरेआड होते. राजपुत्र शंकरदेव फौजेसह बाहेर होता. शत्रु नगरांत शिरला. त्यानें पेठा लुटल्या, व्यापारी धरले, तबेल्यांतील घोडे व हत्ती घेतले. वर बालेकिल्ला अभंग उभा होता. तो हल्ल्यानें पडला नाहीं. खालचें नगर हातचें गेल्यावर वरच्या किल्ल्यास तह करावा लागला. पोत्यांत धान्य असतें तर वेढा कांहीं दिवस लांबला असता. परंतु ज्या नगराच्या उत्पन्नावर राज्य चालत होतें तें त्यामुळें परत मिळालें नसतें. १२९६ चा धडा किल्ल्याचा नसून नगराचा आहे, आणि तो किल्ल्याच्या माथ्यावरून दिसत नाहीं.

दुसरी कथा महंमद तुघलकाची. दिल्ली एवढी ओस पडली कीं तेथें कुत्रें-मांजरहि राहिलें नाहीं, असें बरनी लिहितो. इब्न बतूता एका आंधळ्याची गोष्ट सांगतो : त्यास दिल्लीहून ओढीत नेलें आणि दौलताबादेस त्याचा फक्त एक पाय पोंचला. येथें साक्षीदारांची परीक्षा केली पाहिजे. बरनीचा ग्रंथ १३५७ चा, म्हणजे स्थलांतरानंतर तीस वर्षांनीं लिहिलेला. इब्न बतूता दिल्लीस पोंचला तो स्थलांतरानंतर सहा-सात वर्षांनीं. आंधळ्याची गोष्ट त्यानें ऐकली, पाहिली नाहीं. याच्या उलट दिल्लीच्या परिसरांतच विक्रम संवत् १३८४ चे, म्हणजे इ. स. १३२७-२८ चे, दोन संस्कृत शिलालेख सांपडलेले आहेत, एक नारायणा येथील व दुसरा सरबन येथील. दोन्ही विहिरींसंबंधीं आहेत. ज्या वर्षीं शहर निर्मनुष्य झालें म्हणतात त्याच सुमारास तेथें लोक विहिरी खणतात, पंडिताकडून श्लोक रचून घेतात आणि ते दगडावर कोरवितात! दगडावरील तारीख आणि कुत्र्या-मांजरांचें वाक्य यांत निवड करावयाची असेल तर आम्ही दगडाच्या बाजूस उभे राहूं.

परंतु म्हणून स्थलांतराचें दुःख खोटें ठरत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ‘फुतूह-उस्-सलातीन’ या फारसी काव्येतिहासाचा कर्ता इसामी लहानपणीं आजोबांबरोबर या प्रवासास निघाला. आजोबा नव्वदीचे होते; ते पहिल्याच मुक्कामांत वारले. नातू दौलताबादेस पोंचला, तेथेंच वाढला, आणि त्याचा ग्रंथ १३५० मध्यें बहमनी सुलतानाच्या आश्रयानें पुरा झाला. त्याचा सुलतानावरील राग घरच्या मृत्यूचा आहे, हें लक्षांत ठेवून त्याचें वाचन करावें. अतिशयोक्ति कोठें आहे हें ओळखणें वेगळें आणि दुःखच नाकारणें वेगळें. आमच्या लेखकांपैकीं कांहींनीं पहिली कथा जशीच्या तशी घेतली, कांहींनीं तिची थट्टा केली. ज्यानें तें दुःख स्वतः भोगलें आणि जो याच नगराचा रहिवासी होता, त्या इसामीचें नांव मात्र आमच्या संग्रहांतील एकाहि लेखांत आढळलें नाहीं.

४. नगर

मग नगरासंबंधानें लिहावें तरी काय, असें कोणी विचारील. लिहावयास साधन पुष्कळ आहे. तें डोंगरावर नाहीं, पोथ्यांत आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं दक्षिणेच्या इतिहासांत शके ११०९ च्या सुमारास भिल्लमानें देवगिरि वसविल्याचें सांगितलें, आणि हेमाद्रीच्या व्रतखंडांतील राजप्रशस्ति छापून यादवांच्या वंशावळीचा पाया घातला. त्या वंशावळीच्या जोडीस नगराची वंशावळ ठेवून पाहा. काश्मीरहून आलेल्या एका कुळाला येथें यादवांचा आश्रय मिळाला. त्या कुळांतील सोढलाचा पुत्र शार्ङ्गदेव यानें सिंघणाच्या कारकीर्दींत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. कृष्णराजाच्या सेवेंतील जल्हणाच्या नांवावर ‘सूक्तिमुक्तावली’ हा सुभाषितसंग्रह १२५८ मध्यें तयार झाला. शेंकडों कवींचीं वचनें निवडून विषयवार लावावयाचीं तर भोंवतालीं ग्रंथसंग्रह हवेत, लेखनिक हवेत, कागद किंवा ताडपत्रें पुरविणारे हवेत. हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारख्या अवाढव्य ग्रंथास तर हें सर्व दसपटीनें हवें. हीं माणसें बालेकिल्ल्याच्या अंधारींत राहत नव्हतीं. तीं कटकांत, म्हणजे आज ज्या जमिनींतून आपण मोटारींतून निघून जातों तेथें राहत होतीं.

पुढच्या शतकांत तुघलकाच्या नगराचें वर्णन अल्-उमरी या ग्रंथकारानें केलें आहे. तो स्वतः हिंदुस्थानांत आला नाहीं. प्रवाशांकडून ऐकून त्यानें लिहिलें. त्याच्या सांगण्याप्रमाणें फौजेची, कारभाऱ्यांची, काजी व विद्वानांची, फकिरांची, व्यापाऱ्यांची अशी वस्ती वेगवेगळी आंखलेली होती, आणि प्रत्येक वस्तीस मशीद, बाजार, हमाम, गिरण्या व भट्ट्या निराळ्या. इब्न बतूतानें ‘तरबाबाद’ नांवाची गाणाऱ्यांची पेठ पाहिली. तिच्या मध्यभागीं घुमटी होती आणि दर गुरुवारीं गायकांचा प्रमुख तेथें येऊन बसे. ‘संगीतरत्नाकर’ आणि ही पेठ यांमध्यें सुमारें एका शतकाचें अंतर आहे. दोहोंस जोडणारा दुवा आहे असें म्हणण्याचा मोह आम्हांसहि होतो. परंतु ग्रंथ संस्कृत शास्त्राचा, पेठ सुलतानी नगराची. मधल्या शतकांत राज्य उलथलें आणि नवी वस्ती बाहेरून आली. दोन गोष्टी एका जागीं घडल्या एवढ्यावरून एक दुसरींतून निघाली असें होत नाहीं. तरी पण ज्या नगराविषयीं असा प्रश्न विचारतां येतो, त्या नगरास एका वाक्यानेंहि न शिवतां निघून जाणारा लेखक आपल्या वाचकास काय देतो, याचा विचार त्यानेंच करावा.

५. कागद, आणि एक विनंति

आतां आमच्या संग्राहक बंधूंस अगदीं जवळची गोष्ट. या नगराचा एक भाग पुष्कळांच्या घरीं रुमालांत बांधलेला आहे. दौलताबादहून खुलताबादेकडे जातांना कागजीपुरा हें गांव लागतें. तेथील कागद बनविणारांची परंपरा तुघलकाच्या स्थलांतराशीं जोडली जाते; ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. परंतु ‘दौलताबादी कागद’ हें नांव जुन्या व्यवहारांत जुन्नरी कागदाप्रमाणेंच रूढ होतें, व मराठी दप्तरांत तो कागद भरपूर आहे. आपण कागदपत्रांतील मजकूर वाचतों, तारीख ताडतों, शिक्का पाहतों; कागद कोठला हें टिपून ठेवणारे संग्राहक मात्र थोडे. ज्या नगराचे तट आपण तिकीट काढून पाहतों त्याच नगराच्या शेजारचें काम आपल्या कपाटांत आहे, आणि त्याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे.

किल्ला पाहूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तासलेला कडा आणि त्यांतून वर जाणारी अंधारी वाट पाहून ज्यास आश्चर्य वाटणार नाहीं त्यानें स्थापत्याचें नांव घेऊं नये. शिवाय डोंगर कोणी उचलून नेणार नाहीं. तो उद्यांहि राहील, आणि त्याच्यावर पहारा आहे. बाहेरच्या कोटाच्या आंत मात्र शेतें आहेत, घरें आहेत, आणि बांधांवर घडीव दगड रचलेले आम्हीं ठिकठिकाणीं पाहिले. नांगरास जोतें लागतें तेव्हां तें उकरलें जातें. शेतकऱ्यास त्याचा दोष देतां येत नाहीं, कारण तें काय आहे हें त्यास कोणी सांगितलेलें नाहीं. ज्यांनीं सांगावयाचें ते लेखक त्या वेळीं तोफेजवळ उभे असतात. आमच्या टीकेचें खरें कारण हें आहे.

म्हणून पुढील चार गोष्टी सुचवितों. पहिली, स्थळ पाहण्याचा क्रम : बाहेरच्या कोटाचा दरवाजा, त्याच्या आंतील विहिरी, जोतीं व पडके अवशेष, मग महाकोट, मग खंदक, आणि शेवटीं माथा. दुसरी, स्थळाविषयीं लिहितांना प्रत्येक विधानापुढें आधाराची जात सांगावी : मूळ जागचा अवशेष, हलविलेला अवशेष, तारीखवार लेख, समकालीन ग्रंथ, उत्तरकालीन ग्रंथ, किंवा दंतकथा. सहा शब्दांचें हें टांचण जवळ असलें तर वर दाखविलेल्या बहुतेक चुका होणार नाहींत. तिसरी, सुटा कोरीव दगड सांपडल्यास तो हलवूं नये. जागा टिपावी, ठसा किंवा छायाचित्र घ्यावें, आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. चौथी व सर्वांत महत्त्वाची : आसपासच्या गांवांतील देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, काजी व मुजावर यांच्या घरच्या कागदांत दौलताबादच्या पेठा, वेशी, विहिरी, बागा व मशिदी यांचीं नांवें इनामांच्या चतुःसीमेंत येण्याचा पुष्कळ संभव आहे. चतुःसीमेची ओळ वाचणारास रुक्ष वाटते. परंतु हरवलेल्या नगराचा नकाशा अशाच ओळींनीं पुन्हां जुळवितां येतो. ज्यांच्या संग्रहांत असे कागद असतील त्यांनीं त्यांतील स्थलनामें, वर्ष व कागदाची जात एवढी तरी नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद हातावेगळे करण्याची जरूर नाहीं.

इब्न बतूतास ‘कटक’ हें नांव १३४२ मध्यें ऐकूं आलें. तें त्यानंतर कोणकोणत्या कागदांत, कोणत्या वर्षापर्यंत आढळतें, याची यादी प्रथम करावयास हवी. ज्यांच्या दप्तरांत तें नांव सांपडेल त्यांच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहों.